वादळातलं गाडीचं पाणी

दिवाळीनंतर लातूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वादविवाद स्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो होतो. फळ्यावर विषय लिहिलेला : ‘चक्रीवादळांना मोटारगाड्याच जबाबदार आहेत’. अनुकूल बाजूच्या पोरानं आवाज चढवून सांगितलं की आपण धूर ओकला, निसर्गाचा छळ केला आणि त्या पापाची फळं आता शेतात साचलेल्या पाण्याच्या रूपानं भोगतोय. प्रतिकूल बाजूचा मुलगा फार काही बोललाच नाही, त्यानं एक प्रश्न टाकला. ‘२०२० मध्ये लॉकडाऊन होता. गाड्या दारासमोर धूळ खात पडल्या होत्या. तरी मे महिन्यात बंगालवर अम्फान आलं आणि ३ जूनला कोकणात निसर्ग. ते कोणाच्या गाडीनं आणलं?’ सभागृहात टाळ्या आणि शिट्ट्या. गुण मांडणीला द्यायचे असतात, ते मी दिले आणि दुसरा पोरगा जिंकला. चुटपुट तेवढी माझ्याकडं राहिली. ज्याला ढाल मिळाली त्याचं उत्तर चुकलेलं होतं, आणि हरलेल्याचं उत्तर बरोबर असून त्याची रीत चुकलेली होती.

पोरांची स्पर्धा म्हणून सोडून दिलं असतं. पण पारावर, लग्नाच्या पंगतीत, टीव्हीवरच्या चर्चेत हेच दोन सूर ऐकू येतात. एक छाती बडवून घेणारा, एक खिल्ली उडवणारा. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गाड्यांचा आणि चक्रीवादळांचा संबंध आहे, तो खरा आहे आणि ढोबळमानानं मोजताही येतो. गाडी वादळाला जन्म देत नाही, त्याच्या खुराकात भर घालते. म्हणून ‘गाडीनं वादळ आणलं का?’ या प्रश्नाला हो म्हणणाराही फसतो आणि नाही म्हणणाराही. विचारायचं ते असं, की वादळानं आणलेल्या पाण्यात गाडीचं पाणी किती आणि ते कोणाच्या गाडीचं? हा दुसरा प्रश्न विचारण्यात सगळ्यात जास्त हित कोणाचं असेल तर ते मराठवाड्याचं आहे, आणि नेमके आपणच तो विचारत नाही.

‘आपल्याला समुद्र कुठं आहे?’ असं कोणी म्हणेल. खरंच नाही. पण २६ सप्टेंबर २०२१ ला गुलाब नावाचं चक्रीवादळ आंध्रच्या कलिंगपट्टणमकडं किनाऱ्याला लागलं, आणि त्याचा उरलासुरला कमी दाबाचा पट्टा तेलंगण ओलांडून दोनच दिवसांत आपल्या डोक्यावर आला. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठचं उभं सोयाबीन पाण्याखाली गेलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्याच जिल्ह्यात साडेपाच वर्षांनी लोकांना पुरातून बाहेर काढत होते. तेच वादळ पुढं अरबी समुद्रात उतरलं, तिथं नव्यानं बाळसं धरलं, शाहीन हे नाव घेतलं आणि ३ ऑक्टोबरला ओमानवर आदळलं. बंगालच्या उपसागरात निघालेलं वादळ अरबस्तानात पोचलं, आणि वाटेतला मुक्काम आमच्या शिवारात.

आता खुराकाचं बघू. चक्रीवादळ म्हणजे वाफेवर चालणारं इंजिनच. समुद्राच्या वरच्या थराचं तापमान साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर असलं की वाफ भरभरून उठते. ती वर जाऊन थंड होते, तिचं पाणी होतं आणि पाणी होताना ती उचललेली उष्णता परत सोडते. त्या उष्णतेनं हवा आणखी वर चढते, खाली दाब आणखी घटतो, आजूबाजूची दमट हवा आत खेचली जाते. चुलीवरच्या भगुण्याखाली कोणी न सांगता जळण सारत राहावं तसं. यात गाडी कुठं आली? तिच्या इंजिनाच्या गरमीचा इथं हिशेबसुद्धा लागत नाही. धुरकट, डोळे चुरचुरणारा जो धूर त्या पोरानं व्यासपीठावर ओकायला लावला, तोही मुख्य आरोपी नाही. मुख्य आरोपीला रंग नाही, वास नाही. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पाऊण किलोच्या पेट्रोलातून सव्वादोन किलो वायू कसा, असं वर्गात पोरं दरवर्षी विचारायची. उत्तर सोपं आहे : पेट्रोलातला कार्बन हवेतला ऑक्सिजन धरतो, वजन त्याचं असतं. हा वायू उष्णता अडवतो हे स्वीडनच्या स्वान्ते आऱ्हेनिअस यांनी १८९६ मध्येच आकडेमोड करून दाखवलं होतं. अडवलेल्या जादा उष्णतेतली ९० टक्क्यांहून जास्त समुद्र पिऊन टाकतात. मग समुद्र तापतो, आणि भगुण्याखालचं जळण वाढतं.

म्हणजे लॉकडाऊनच्या प्रश्नाचं उत्तरही इथंच मिळालं. धरणाकाठच्या माणसाला तर ते एका वाक्यात कळावं. जायकवाडीत येणारी आवक एखाद्या वर्षी पाच टक्के घटली, तर धरण रिकामं होतं का? आवक चालूच असते आणि विसर्ग त्याहून कमी असेल तर पातळी चढतच राहते, फक्त जराशी हळू. २०२० मध्ये जगातला कार्बन डायऑक्साइड घटला तो साधारण एवढाच, पाच टक्क्यांच्या आसपास. हवेतलं त्याचं प्रमाण हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ पासून मोजतात. तेव्हा ते हवेच्या दहा लाख भागांत ३१५ भाग होतं. २०२० च्या मे महिन्यात, रस्ते ओस पडलेले असताना, ते ४१७ होतं, म्हणजे तोवरचा उच्चांक. आता ते ४३० च्या वर गेलंय. निसर्ग वादळाला ज्या समुद्रानं वाफ पुरवली तो काही त्या मार्चमध्ये तापलेला नव्हता. आमच्या आजोबांच्या काळापासूनच्या गाड्यांनी, गिरण्यांनी, आगगाड्यांनी आणि वीजकेंद्रांनी मिळून तो तापवलेला होता.

खिल्ली उडवणाऱ्यांच्या बाजूनं बोलण्यासारखंही पुष्कळ आहे, आणि ते झाकून ठेवलं तर आपण प्रचारक होऊ. चक्रीवादळं गाड्यांच्या आधीपासून आहेत. ‘सायक्लोन’ हा शब्दच कलकत्त्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ च्या सुमारास घडवला, आणि कार्ल बेंझ यांच्या मोटारीला पेटंट मिळालं १८८६ मध्ये. दुसरं, जगभरातल्या एकूण वादळांची संख्या वाढतेय असं शास्त्रज्ञ ठामपणे म्हणत नाहीत. ते म्हणतात की तीव्र वादळांचं प्रमाण वाढलंय आणि प्रत्येक वादळ जास्त पाऊस पाडतंय. समुद्रासमुद्रातही फरक आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलं की १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत पुढच्या १९ वर्षांत अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली, तर बंगालच्या उपसागरातली ८ टक्क्यांनी घटली. घटली! हा आकडा टाळून नुसता ५२ चा ढोल बडवणाऱ्यांवर मी विश्वास ठेवणार नाही. काजळीचंही तसंच. २०११ मध्ये एका शोधनिबंधात असं मांडलं गेलं की भारतीय उपखंडावरच्या धुरकटानं वरच्या आणि खालच्या वाऱ्यांमधला फरक मंदावला आणि त्यामुळं अरबी समुद्रातल्या वादळांना वाढायला मोकळीक मिळाली. असं असेल तर डिझेलच्या काळ्या धुराचा वादळाशी थेटच संबंध लागतो. पण इतर शास्त्रज्ञांनी त्यावर हरकत घेतली, म्हणून मी माझं म्हणणं त्यावर उभं करत नाही. उलट हेच धुरकट ऊन अडवून समुद्राला थोडं थंडही ठेवतं. अशी गुंतागुंत आहे, आणि ‘गाड्याच’ या शब्दातल्या ‘च’ला ती परवडत नाही.

आता थोडा धाडसी हिशेब मांडतो. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते. पृथ्वी सव्वा अंशाच्या आसपास तापलीय, म्हणजे आजच्या वादळी पावसात शंभरातले आठेक मिलिमीटर तापमानवाढीचे धरू. वादळाच्या गाभ्यात हा आकडा याहून मोठा निघतो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ह्युस्टनवर हार्वे हरिकेननं जो पाऊस ओतला, तो तापमानवाढीमुळं सुमारे १५ टक्क्यांनी वाढला होता असा अंदाज शास्त्रज्ञांनी काढला. (हरिकेन म्हणजे आपलंच चक्रीवादळ, अटलांटिकमध्ये त्याला ते नाव.) जगात इंधन जाळून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये कार आणि छोट्या व्हॅनचा वाटा साधारण दहावा. म्हणजे शंभर मिलिमीटर पावसात कारचं पाणी एक मिलिमीटर किंवा त्याच्या अलीकडं-पलीकडं.

एवढंच? होय, एवढंच. इथं खिल्ली उडवणारा पुन्हा हसेल. पण एक मिलिमीटर म्हणजे काय हे ज्याच्या महसूल मंडळात ६४ मिलिमीटरची नोंद झालीय त्याला जाऊन विचारा. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला तर अतिवृष्टी. माझ्या एका नातलगाच्या मंडळातला पर्जन्यमापक त्याच्या शेतापासून आठ किलोमीटरवर आहे. तिथं पाऊस कमी भरला आणि इकडं त्याची जमीन खरवडून गेली, गोटे उघडे पडले. तलाठ्यापासून वरपर्यंत चपला झिजवल्या तेव्हा कुठं पंचनामा झाला. धरणाचंही तसंच बघा. अर्ध्या भरलेल्या धरणाला जादा पाणी म्हणजे देणगी. काठोकाठ भरलेल्या धरणात मात्र वरून येणारा प्रत्येक थेंब खाली सोडावा लागतो आणि तो सगळाच्या सगळा पूर असतो. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, जालना, लातूरच्या लोकांनी हे पाहिलं. अंगणातल्या चिखलात उभं राहून टक्के मोजायचे नसतात हे मलाही कळतं, पण घाव बसतो तो या वरच्या टक्क्यांचाच.

‘कोणत्या गाडीमुळं कोणतं शेत गेलं ते सिद्ध करा’ ही हरकत तर जुनीच आहे, आणि तिला एकदा गाड्यांच्याच बाबतीत उत्तर मिळून गेलंय. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांनी शोधलं की पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घातलं तर इंजिनात ठोके पडत नाहीत. पुढची कित्येक दशकं जगभरच्या गाड्यांनी शिसं हवेत सोडलं. क्लेअर पॅटरसन हा भूरसायनशास्त्रज्ञ पृथ्वीचं वय काढायला बसला होता, तर त्याला प्रत्येक नमुन्यात नको असलेलं शिसं सापडू लागलं. तो बोलायला लागल्यावर उद्योगाकडून जो प्रतिवाद झाला त्याचा मथितार्थ हाच : नेमकं नुकसान दाखवा. कोणत्या मोटारीतलं शिसं कोणत्या लेकराच्या रक्तात गेलं हे आजतागायत कोणीही दाखवलेलं नाही, दाखवताही येणार नाही. तरी शिसं काढलं गेलं. भारतात २००० साली शिसेविरहित पेट्रोल देशभर झालं, आणि जगातला शेवटचा देश अल्जीरिया, २०२१ मध्ये. बंदीनंतर लेकरांच्या रक्तातलं शिसं उतरत गेलं. मग वादळाच्या बाबतीतच एकेका गाडीचा नंबर का मागायचा?

आता हरलेल्या पोराकडं वळतो, कारण माझा खरा राग त्याच्या ‘पाप’ या शब्दावर आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असं गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथ टागोर अस्पृश्यतेचे विरोधकच होते, तरी त्यांनी जाहीर हरकत घेतली. नैसर्गिक घटनेची कारणं नैसर्गिकच असतात, ती नीतीत शोधू नका, असं त्यांचं म्हणणं. गांधीजींनी ती हरकत ‘हरिजन’मध्ये छापली, उत्तरही दिलं, आपलं मत मात्र बदललं नाही. आपल्याकडं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. गणपती बोळवून लोक नुकते निजले होते. त्यानंतर किती दिवस गावोगाव ‘कोणाचं पाप भोवलं’ याचीच चर्चा ऐकली! माणसं मेली ती दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवदाचं ओझं अंगावर कोसळून. पापाच्या चर्चेत भिंतीकडं कोणाचं लक्ष जात नाही.

वादळाच्या बाबतीत तर हा मोह जास्त घातक आहे, कारण इथं माणसाची करणी आणि आभाळाची करणी यांच्यात खरोखरच दुवा आहे. पण तो दुवा किलोत मोजता येतो. पाप सगळ्यांत सारखं वाटलं जातं, मोटारसायकलवर दूध घालायला जाणाऱ्याच्या वाट्यालाही तेवढंच येतं. अमेरिकेत हजार माणसांमागं आठशेच्या वर वाहनं आहेत. आपल्या देशात शंभरातल्या जेमतेम आठ घरांकडं कार आहे. ‘आपण सगळेच दोषी’ असं आपण हळवे होऊन म्हणतो, तेव्हा ज्यांची थकबाकी सगळ्यात मोठी आहे ते खुर्चीत सैल होऊन बसतात.

लगेच कोणी असंही समजू नये की मग आपण नामानिराळे. मराठवाडा फक्त वादळ झेलतो असं नाही, गाड्याही बनवतो. वाळूजला १९८० च्या दशकापासून दुचाकी आणि रिक्षा निघतात, शेंद्र्याला कार जुळतात. २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादेत एका फटक्यात १५० मर्सिडीज खरेदी झाल्या आणि शहराचं नाव परदेशी वर्तमानपत्रांत झळकलं. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू. शिवाय कोळशाचं काय, हा प्रश्न रास्त आहे. भारतात कार्बन डायऑक्साइडचा सगळ्यात मोठा स्रोत कोळशाची वीज आहे, वाहतूक तिच्या बरीच मागं. २०१५ च्या दुष्काळात परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद पडलं होतं. हवा तापवण्यात ज्याचा हात, त्यालाच तहान लागली. पण मोठा चोर दाखवला म्हणून धाकट्याची चोरी माफ होत नाही. आणि धाकटा वाढत्या अंगाचा आहे.

मग उपाय म्हणून आपल्यापुढं काय ठेवलं जातं? इथेनॉल. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलं की गाडी हिरवी झाली म्हणे. नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात हिशेब आहे की उसापासून एक लिटर इथेनॉल काढायला २,८६० लिटर पाणी लागतं. ज्या मांजरा खोऱ्यानं रेल्वेचं पाणी प्यायलं, तिथला ऊस आता मुंबई-पुण्याच्या टाक्यांत जाणार आणि आपण त्याला पर्यावरणप्रेम म्हणणार. ऊस उत्पादकाला दोन पैसे मिळतात हे मान्य, त्याच्या घरात मी वाढलोय. पण कारचं देणं पाटाच्या पाण्यानं फेडायचं असेल तर निदान ते देणं कोणाच्या नावावर आहे हे तरी लिहा.

अनुकूल बाजूकडून सुटलेली आणखी एक गोष्ट. गाडी वादळातून बाहेरही काढते. २००५ मध्ये कतरीना हरिकेन आलं तेव्हा न्यू ऑर्लिन्समधून ज्यांच्याकडं गाडी होती ते निघून गेले, नव्हती त्यातले पुष्कळ अडकले. महिन्याभरानं रीटा येतंय म्हटल्यावर ह्युस्टनकर एकदमच गाड्या घेऊन निघाले, मैलोन् मैल कोंडी झाली, आणि वादळापेक्षा त्या पळापळीतच जास्त माणसं दगावली. ज्या समाजानं गाडीशिवाय दुसरी सोयच ठेवली नाही, त्याची ही गत. आपण तिकडंच निघालोय. अहमदनगर-बीड-परळी रेल्वे मंजूर झाली १९९५ मध्ये. बीडला रेल्वे आली १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिदिनी, आणि त्याच महिन्यात बीडला पुरानं वेढलं. मधल्या तीस वर्षांत बीडच्या माणसानं जीप घेतली, उसनवारीवर मोटारसायकल घेतली, काळीपिवळीत गुडघे मोडून बसला. त्याला ‘गाडी का घेतलीस’ विचारायचं? एसटीच्या २०२१ च्या संपात कित्येक महिने गावं बसविना राहिली, तेव्हा ज्यानं पोरीच्या कॉलेजासाठी जुनी दुचाकी घेतली, त्याच्या खात्यावर तो कार्बन मांडायचा, की गाड्यांची संख्या घटवणाऱ्या महामंडळाच्या आणि सरकारच्या? मी तरी दुसऱ्या खात्यावर मांडीन.

त्या दिवशी बक्षीस वितरण लांबलं. पाहुण्यांची भाषणं, आभार, पुन्हा भाषण. साडेआठ वाजले. गावाकडं जाणारी शेवटची एसटी साडेसहालाच निघून गेली होती. संयोजकांनी त्यांच्या कारमधून सोडायचं ठरवलं. मागं जागा होती म्हणून हरलेल्या पोरालाही घेतलं, त्याचं गाव वाटेवरच होतं. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. मी मनातल्या मनात सव्वापाच लिटर पेट्रोल धरलं, बारा किलो वायू. तो पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, आमच्या गावची सकाळची बस पण बंद केलीय.” त्याला म्हटलं, हेच बोलायचं होतंस की रे.